मुलांसोबत घरी बनवा भुताटकी खाऊ: चेटकिणीची बोटं, कोळ्याचं जाळं आणि पांढरी भुतं

बेकिंग आजवर कधीच केलं नसेल आणि पोरांना सोबत घेऊन सुरुवात करायची असेल तर माझं अगदी मनापासून सांगणं आहे की फुलाफुलांच्या केकच्या वाटेला जाऊ नका, भुतांपासून सुरुवात करा. कारण असं की गुलाबाची एक पाकळी जरा वाकडी झाली तरी अख्खा केक बिघडल्यासारखा वाटतो, पण भुताचा एक डोळा वर आणि एक खाली गेला तर ते भूत उलट जास्त भारी दिसतं. वाकडंतिकडं, भेगा पडलेलं, ओघळलेलं सगळं इथे चालतं. म्हणजे मुलांच्या हातांना जे सहज जमतं तेच इथे हवं असतं, आणि तुम्हाला मागे उभं राहून "असं नको, तसं कर" म्हणायची गरजच पडत नाही.

हॅलोविन असो, वाढदिवसाची भुताची थीम असो नाहीतर सुट्टीतली एखादी दुपार असो, खाली तीन पदार्थ नीट सांगते आणि एक झटपट. पण तिन्ही एकाच दिवशी करायला घेऊ नका. पहिल्यांदा करताय ना, मग एकच निवडा, माझं मत विचाराल तर बोटं.

सुरू करायच्या आधी

पहिली गोष्ट, मुलांनाच विचारा की किती घाबरवायचं. हे वाटतं तितकं क्षुल्लक नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला हसरं भूत आवडतं, नऊ वर्षांच्याला रक्त पाहिजे असतं. माझी भाची पाच वर्षांची असताना अंधाराला घाबरायची, तिने भुताला तीन डोळे काढले आणि म्हणाली की याला सगळं दिसतं म्हणून हा रात्री जागा राहणार, मी झोपणार. त्यामुळे भूत कसं असेल ते त्यांना ठरवू द्या.

दुसरं म्हणजे काम दोन दिवसांत वाटून घ्या. एक दिवस पीठ मळणं आणि भाजणं, दुसऱ्या दिवशी सजावट. लहान मुलं सलग पाऊण तासाच्या वर टिकत नाहीत आणि गरम बिस्किटावर आयसिंग घातलं की ते वितळून वाहून जातं, त्यामुळे थांबावं तर लागतंच, मग ते थांबणं रात्रभराचंच करून टाकायचं.

कामं वयाप्रमाणे द्या. दोन-तीन वर्षांचं मूल कागदी कप साच्यात ठेवेल, डोळे चिकटवेल, वरून काहीतरी भुरभुरवेल. चार ते सहा वर्षांचं पीठ लाटेल, वळेल, ढवळेल. सातच्या पुढचं वजनकाट्यावर मोजून घेईल आणि आयसिंगची पिशवी नीट दाबू शकेल. ओव्हन मात्र फक्त मोठ्यांचा, दार उघडणं, ट्रे आत ठेवणं, बाहेर काढणं यातलं काही मुलांकडे नाही. ओव्हनपासून तीन पावलांवर जमिनीवर रंगीत टेप चिकटवा, दार उघडताना सगळ्यांनी टेपच्या पलीकडे. नुसतं "लांब हो" ओरडण्यापेक्षा ही रेघ खूप चांगली पाळली जाते.

मोजमाप कपाने नको, काट्याने करा. मैदा कपाने घेताना पिशवीत कप खुपसून दाबून भरला तर १२५ ग्रॅमच्या जागी दीडशे ग्रॅमसुद्धा येतो आणि मग बिस्किटं कोरडी, भुगा होणारी होतात, आणि आपल्याला वाटतं की आपल्याला जमतच नाही. साधा डिजिटल काटा पुरतो आणि काट्यावरचा आकडा १६० वर आणून थांबवणं हा मुलांसाठी खेळच असतो. ओव्हन निदान १५ मिनिटं आधी लावून ठेवा, ट्रे मधल्या खणात.

आणि एक नियम पहिल्या दिवसापासून: कच्चं पीठ चाटायचं नाही. अंडं नसलं तरी नाही. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जंतूचा संसर्ग होऊ शकतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण कच्चा मैदासुद्धा जंतूविरहित नसतो, ते जंतू भाजल्यावर मरतात. आता मुलं समोर गोड पीठ असताना नुसती बघत बसणार नाहीत हे उघड आहे, म्हणून आधीच एका वाटीत थोडे चॉकलेट चिप्स बाजूला काढून ठेवा, हात तोंडाकडे जायला लागला की ती वाटी पुढे करायची.

चेटकिणीची बोटं

हे बिनअंड्याचं आणि बिनबेकिंग पावडरचं बिस्कीट आहे. बेकिंग पावडर मुद्दाम नाही, ती घातली की बोट फुगतं आणि पेरं पुसली जातात. साहित्य असं घ्या: मऊ बटर १०० ग्रॅम, आयसिंग शुगर ६० ग्रॅम, मैदा १६० ग्रॅम, चिमूटभर मीठ, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला, आणि लागेल तसं एक ते दोन मोठे चमचे दूध. नखांसाठी १६-१७ बदाम आणि थोडा लाल जॅम. यात साधारण १६ बोटं होतात. बटर खारट असेल तर मीठ घालू नका.

बटर मऊ म्हणजे बोट दाबलं तर खड्डा पडतो पण बोट आरपार जात नाही इतपत मऊ. वितळलेलं नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांची हीच चूक जास्त होते, घाई म्हणून बटर मायक्रोवेव्हमध्ये पातळ करून घेतात आणि मग ओव्हनमध्ये बोटं पसरून त्यांच्या चपट्या पट्ट्या होतात. माझ्यासुद्धा पहिल्या ट्रेचं असंच झालं होतं, आणि दुसऱ्या वेळी फक्त बटर दोन तास आधी बाहेर काढून ठेवलं तर बोटं जशीच्या तशी आली.

बटर आणि आयसिंग शुगर लाकडी चमच्याने दोन-तीन मिनिटं घोटा, रंग फिका झाला की व्हॅनिला घाला. हिरवी बोटं हवी असतील तर याच वेळी जेल रंगाचा एक टिपका घाला, पातळ रंग नको, त्याने पिठात पाणी वाढतं. मग मैदा आणि मीठ चाळून घाला आणि हाताने हलकेच एकत्र करा. कणकेसारखं मळत बसायचं नाही, जितकं मळाल तितकं बिस्कीट चिवट होतं. गोळा होत नसेल तरच दूध घाला, तेही चमच्याचमच्याने. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. थंड बटर ओव्हनमध्ये उशिरा वितळतं, तोपर्यंत बाहेरून बिस्किटाचा आकार धरला जातो, म्हणून हा अर्धा तास चुकवू नका.

आता खरी मजा. २० ग्रॅमचे गोळे करा, आणि मुलाला त्याचा हात ओट्यावर पालथा ठेवायला सांगा. त्याच्या मधल्या बोटाशेजारी पिठाची वळी ठेवून लांबी मापायची, पण जाडी त्याच्या बोटापेक्षा कमीच ठेवायची, कारण भाजताना ती थोडी पसरतेच. मग त्याला बोट वाकवून आणि सरळ करून बघायला सांगा. सांध्यावर आडव्या सुरकुत्या पडतात, मधल्या सांध्यावर जास्त, नखाजवळच्या सांध्यावर कमी, आणि दोन सांध्यांच्या मध्ये बोट जरा बारीक असतं. मुलांनी स्वतःचं बोट इतकं निरखून कधी बघितलेलं नसतं. मग तसंच पिठावर: दोन सांध्यांच्या मधल्या जागी चिमटीने किंचित दाबायचं, आणि सांध्यावर बिनधारेच्या सुरीने तीन-तीन आडव्या रेघा मारायच्या. रेघा जरा खोल मारा, वरवरच्या भाजताना बुजतात.

टोकाला बदाम दाबून बसवा, टोकदार बाजू बाहेर. पण खाणाऱ्यांत पाच वर्षांखालचं कुणी असेल तर अख्खा बदाम अजिबात नको, घशात अडकू शकतो. त्यांच्या बोटांवर छोट्या चमच्याचं टोक दाबून नखाचा खळगा करा आणि भाजल्यावर त्यात जॅम भरा, तेही तितकंच भयानक दिसतं. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर सगळ्याच बोटांना अशी खळग्याची नखं करा, अर्ध्यांना बदाम अर्ध्यांना नाही असं करू नका, एकाच ट्रेमध्ये कण इकडचे तिकडे होतात.

ट्रेवर बटर पेपर, बोटांमध्ये दोन बोटांचं अंतर, आणि खोली गरम असेल तर ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं फ्रिजमध्ये. मग १६० डिग्रीला १८ ते २० मिनिटं. पण घड्याळापेक्षा रंग बघा, प्रत्येक घरचा ओव्हन थोडा वेगळा तापतो. कडा आणि तळ हलका सोनेरी झाला की काढा. बाहेर काढल्यावर बोटं मऊ लागतात, ते कच्चं राहिल्याचं लक्षण नाही, गार होताना ती कडक होतात. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, आधी उचललीत तर मधूनच मोडतील. मोडलंच एखादं तर टाकू नका, मोडक्या टोकाला जॅम लावा, बऱ्याच मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडतं.

पूर्ण गार झाल्यावर बदाम अलगद उचला, खाली जॅमचा थेंब टाका आणि बदाम परत दाबा. जॅम नखाच्या कडेने बाहेर येतो.

कोळ्याच्या जाळ्याचे कपकेक

याच्यातही अंडं नाही, केकच्या पिठात दूध-बटरही नाही (वरच्या थरात मात्र क्रीम आणि पांढरं चॉकलेट आहे), आणि वर एक छोटा प्रयोग फुकट. कोरडं एका भांड्यात चाळून घ्या: मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, बेकिंग सोडा एक छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. ओलं दुसऱ्या भांड्यात: पाणी २४० मिली, तेल ८० मिली, व्हॅनिला एक छोटा चमचा. पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा, ते वेगळं ठेवा. साचा बारा कपांचा, त्यात कागदी कप लावून आणि ओव्हन १७५ डिग्रीला तापवून आधी तयार पाहिजे, कारण पुढचं काम भरभर करायचं आहे.

मोठ्या मुलाला आधी वेगळ्या वाटीत चिमूटभर सोड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून दाखवा, फसफस होते तो कार्बन डायऑक्साइड वायू, आणि केकला जाळी पडते ती याच बुडबुड्यांनी. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की "आता पटकन ओव्हनमध्ये का घालायचं" हे समजवावं लागत नाही. मग ओलं कोरड्यात ओता, शेवटी व्हिनेगर घाला, पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा, लहान गुठळ्या राहिल्या तरी चालतील. कप दोन तृतीयांश भरा आणि १८ ते २० मिनिटं भाजा. टूथपिक मधोमध खुपसून कोरडी बाहेर आली की झालं. एक तास तरी पूर्ण गार होऊ द्या.

वरच्या थरासाठी ८० मिली क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत गरम करा, बारीक चिरलेल्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका आणि मग मधून बाहेर ढवळत जा. ५० ग्रॅम पांढरं चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये २०-२० सेकंद करत वितळवा, दर वेळी ढवळा. भांडं आणि चमचा कोरडेठाक हवेत, पाण्याचा एक थेंब गेला तरी चॉकलेटचा दाणेदार गोळा होतो. पांढरं चॉकलेट छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा आणि कोपरा अगदी बारीक कापा.

एका वेळी एकच कपकेक घ्या. त्याचं डोकं गडद चॉकलेटमध्ये बुडवून सरळ करा, लगेच वर पांढरी तीन गोल वर्तुळं काढा, एकात एक, आणि टूथपिक मधोमध टेकवून बाहेरच्या कडेपर्यंत ओढा. सहा-आठ वेळा, दर वेळी टूथपिक पुसून. वर्तुळ ओढलं जाऊन टोकदार होतं आणि डोळ्यांसमोर जाळं तयार होतं. पहिली रेघ ओढल्यावर मुलं हमखास "ओऽऽ" करतात. सगळे बारा कपकेक आधी बुडवून ठेवले तर शेवटच्यापर्यंत चॉकलेट सुकतं आणि टूथपिक नुसती ओरखडते, तेवढं मात्र सांभाळा.

कोळी करायचा तर एक कपकेक कुस्करून त्यात उरलेल्या चॉकलेटचा एक-दीड चमचा मिसळा आणि गोटीएवढे गोळे वळा. पाय म्हणजे वितळलेल्या डार्क चॉकलेटने बटर पेपरवर काढलेल्या कोपरासारख्या वाकड्या रेघा, फ्रिजमध्ये दहा मिनिटं, मग गोळ्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार खोचायच्या. कोळ्याला पाय आठच, सहा पायांचे ते कीटक, हे मोजताना आपोआप लक्षात राहतं. पण आधी हिशोब करा, बारा कोळी म्हणजे ९६ पाय, एवढा धीर कुणालाच नसतो. चारच कोळी करा, पाय मात्र चाळीस काढा, आठेक मोडणारच आहेत.

पांढरी भुतं

हे मेरिंग, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं. दिसायला सगळ्यात सुंदर पण जरा नाजूक काम आहे, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी करा. दोन अंड्यांचा पांढरा बलक, ११० ग्रॅम बारीक साखर, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, एवढंच.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, प्लॅस्टिकच्या भांड्याला तेलकटपणा धरून राहतो आणि तेलाचा किंवा पिवळ्या बलकाचा जरासा अंश असला तरी फेस नीट फुगत नाही. अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडा, गार असताना पिवळा बलक सहज वेगळा होतो, मात्र फेटायच्या आधी पांढरा बलक अर्धा तास बाहेर ठेवा. प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत फोडा म्हणजे एक बिघडलं तर दुसरं वाचतं. हे काम मोठ्यांनी करून लगेच हात धुवायचे.

इलेक्ट्रिक बीटरने पांढरा बलक आणि लिंबाचा रस फेटा, मऊ शिखरं यायला लागली, म्हणजे बीटर उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहून जरा वाकलं, की साखर एकेक चमचा घाला, घाई नको, मुलाने चमचा टाकायचा आणि दहापर्यंत मोजायचं, मग पुढचा. सहा-आठ मिनिटांनी ते चकचकीत आणि घट्ट होतं. दोन बोटांत चोळून बघा, साखर कचकचत असेल तर अजून फेटा. शेवटची परीक्षा म्हणजे भांडं उलटं धरायचं, काही पडता कामा नये, आणि हे मुलाच्या डोक्यावर धरून करायची विनंती तुम्हाला होणारच आहे, आधी सिंकवर धरून खात्री करून घ्या.

पिशवीत भरून कोपरा दीड सेंटीमीटर कापा. बटर पेपरवर पिशवी सरळ उभी धरून दाब, थांब, थोडं वर, परत दाब, थांब, उचल. खाली मोठा गोळा, वर लहान, टोकाला शेपटी. १०० डिग्रीला दीड तास, पंख्याचा ओव्हन असेल तर ९० ला. कागदावरून अलगद सुटून आली की ओव्हन बंद करा पण भुतं आतच राहू द्या, निदान तासभर. तांबूस व्हायला लागली तर तापमान जास्त आहे, दहा डिग्री कमी करा, छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ असते म्हणून ट्रे खालच्या खणात ठेवा. गार झाल्यावर टूथपिकच्या टोकाने वितळलेल्या चॉकलेटचे डोळे आणि आ वासलेलं तोंड.

पावसाळी दमट दिवशी हा पदार्थ करू नका, साखर हवेतलं पाणी ओढते आणि भुतं चिकट होतात. अंडं खात नसाल तर डब्यातल्या उकडलेल्या काबुली चण्यांचं बिनमिठाचं पाणी साधारण १२० मिली घ्या, साखर तेवढीच, फक्त फेटायला दहा मिनिटं किंवा जास्तच लागतात. भाजल्यावर चण्याची चव जवळजवळ येत नाही.

झटपट ममी

ओव्हन लावायची इच्छाच नसेल तर विकतची लांबट बिस्किटं घ्या, दोन चॉकलेटचे डोळे चिकटवा आणि १०० ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये एक मोठा चमचा पाणी घालून केलेल्या घट्ट आयसिंगने वरून आडव्यातिडव्या पट्ट्या मारा. तीन वर्षांचं मूलसुद्धा करतं.

रंग, आणि काही गोष्टी ज्या करू नका

काळा रंग पांढऱ्या आयसिंगमधून काढायला गेलात तर खूप रंग ओतावा लागतो आणि चव कडवट होते. आधी कोको घालून तपकिरी करा, मग काळा जेल थोडासा, आणि तासभर ठेवून द्या, रंग आपोआप गडद होतो. लालसाठी बीटाचा रस आयसिंगमध्ये छान लागतो, केसरी-पिवळ्यासाठी चिमूटभर हळद, पण अगदी चिमूटच. ॲक्टिव्हेटेड चारकोल मुलांच्या खाऊत घालू नका, तो औषधं शोषून घेतो. चमकीच्या डबीवर "खाण्यायोग्य" लिहिलेलं असेल तरच वापरा, "विषारी नाही" एवढंच लिहिलेलं असेल तर ती खाण्यासाठी नाही. धुरासाठी ड्राय आइस वापरल्याचे व्हिडिओ दिसतात, तो उणे ७८ डिग्रीचा असतो, मुलांच्या खाण्यापिण्यात तो कुठेच नको. केकवर प्लॅस्टिकचे छोटे कोळी ठेवू नका, अंधुक उजेडात मूल तेही तोंडात घालतं. आणि लहानांसाठी टूथपिक आत राहिलेली नाही ना हे वाढायच्या आधी मोजून बघा.

ठेवायचं कसं

बोटं हवाबंद डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहतात, जॅम भरलेली असतील तर दोन-तीन दिवसांत संपवा. कपकेकवर क्रीम आहे म्हणून ते फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस, खायच्या अर्धा तास आधी बाहेर. भुतं हवाबंद डब्यात कोरड्या जागी, फ्रिजमध्ये कधीच नाही. आणि तिन्ही एका डब्यात ठेवू नका, कपकेकचा ओलावा रातोरात भुतांना आणि बोटांना लागतो. दुसऱ्यांच्या मुलांना द्यायचं असेल तर प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून आत काय आहे ते लिहा, अंडं, बदाम, दूध, मैदा सगळं, ज्याला लिहिता येत नाही त्याने बाजूला बदामाचं आणि अंड्याचं चित्र काढायचं.